मानेचं लॉकेट

२ मार्च
आजपासून दुकानाचा कायापालट. तसा निश्चयच केला आहे.

समोरच्या सराफाने तीन मजली शोरूम उघडलं. गिऱ्हाइकाला दारातच कॉफी देतात. माझी जुनी गिऱ्हाइकं हल्ली माझ्या दारावरून जाताना चप्पल बघत जातात, म्हणजे नजरानजर नको. पण मीही आजोबांचा नातू आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या गळ्यात काय आहे, किती वजनाचं आहे, कडी कुठे झिजली आहे, हे मी काउंटरवर बसल्या बसल्या सांगतो. ही नजर कॉफी पाजून येत नाही.

प्रदर्शनात एका एजंटने एक नवीन लॉकेट दाखवलं. बोटभर लांब, चांदीचं, वर सोन्याचा मुलामा, आकार कळीसारखा. दिसायला दागिना, पण आत बारीक मोटर. बाईच्या खासगी सुखासाठी. लिहिलं बघा. लिहिताना हातसुद्धा थरथरला नाही. थोडा थरथरला, पण हे पेनच खराब आहे.

एजंट म्हणाला, असा माल ठेवायला छाती लागते. मी तिथल्या तिथे डझनाची ऑर्डर दिली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. सव्वीस तारखेला आमच्या लग्नाला बावीस वर्षं होतील. त्यातलं एक बायकोला द्यायचं आहे. आमच्यात भांडण नाही. काहीच नाही, हीच अडचण आहे. मला ती आवडते. हे तिला सांगून बरेच दिवस झाले असतील. पण दागिन्याच्या धंद्यात बोलायचं काम दागिन्याने करायचं असतं.

५ मार्च
माल आला. घरी नेऊन, दाराला कडी लावून उघडला आणि ट्रेमध्ये मांडला. एकाचं बटण दाबून पाहिलं तर ते टेबलावरून चालत चालत कडेला गेलं आणि खाली पडलं. आवाज मात्र अगदी मंद. उत्तम कारागिरी.

माहितीपत्रक वाचलं नाही. एजंटने सांगितलं तेवढं पुरे.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं, याची आरशासमोर तालीम केली. स्पष्ट बोलायचं. आडपडदा नाही. एकविसावं शतक आहे. पहिल्या तालमीत ‘मॅडम’पर्यंत पोचलो. सुरुवात दमदार झाली.

६ मार्च
एक प्राध्यापिका आल्या. लॉकेट उचलून, हे बटण कसलं, असं विचारलं. मी म्हटलं, ताण घालवण्यासाठी. त्यांनी विचारलं, कसला ताण. मी म्हटलं, सर्वसाधारण.

शब्द सौम्य ठेवायचे, आशय ठाम ठेवायचा, असं माझं धोरण आहे. बाईंनी चष्म्याची साखळी घेतली आणि गेल्या.

८ मार्च
आजोबांचा एक नियम आहे: नवा माल विकण्याआधी घरच्या बाईने दिवसभर घालून बघायचा. हूक सुटतो का, केस अडकतात का, कपड्याचा धागा ओढला जातो का, हे पुरुषाला कळत नाही. तीन पिढ्या हा नियम मोडलेला नाही. यावेळी मी तो धोरण म्हणून मोडणार होतो.

पण आईला कोण सांगणार? तिला नव्या मालाचा वास लांबून येतो. दुपारी दुकानात आली, ट्रेमधून एक उचललं, गळ्यात घातलं आणि मी काउंटरवरून वळसा घालून पोचेपर्यंत बटण दाबलं. क्षणभर दचकली. मग ते मागे फिरवून मानेवर, बरोबर दुखऱ्या मणक्यावर टेकवलं आणि डोळे मिटून बसून राहिली.

डोळे उघडून म्हणाली की आजवर आपल्या दुकानाने बायकांच्या मानेवर वजनच टाकलं, मानेचा विचार पहिल्यांदाच केला. तुझ्या आजोबांनाही सुचलं नव्हतं.

मी हिय्या केला. म्हटलं, आई, हे मानेसाठी नाही. तिने विचारलं, मग कशासाठी? मी म्हटलं, खांद्यासाठी.

पूर्ण सत्य हळूहळू सांगावं असं माझं मत आहे.

१० मार्च
ट्रे मोजला. आईचं आणि बायकोसाठी बाजूला काढलेलं सोडून एक कमी आहे. एजंटने डझनाला अकराच पाठवली. फोन करून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शपथा घ्यायला लागला. म्हटलं, बाबा रे, मी केस पांढरे केलेत ते उन्हात नाही. शेवटी तो रडकुंडीला आला. धंद्यात माणूस ओळखता आला पाहिजे.

आणखी एक नोंद. बायको हल्ली गुणगुणते. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबायचं काम. घरी येते तेव्हा तिच्यात ‘हं’ म्हणण्याएवढाही जोर उरत नाही. मी बोलायला लागलो की तिचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जातो, हे मी खूपदा पाहिलंय. पण गेले काही दिवस चेहरा टवटवीत, आंघोळ करताना गाणं. कारण उघड आहे. मी आफ्टरशेव्ह बदललं आहे.

१२ मार्च
आईचा सकाळी फिरायला जाणारा ग्रुप थेट दुकानात. सगळ्या बूट घालून, घामाघूम. म्हणाल्या, ते मानेचं लॉकेट दाखव.

मी स्पष्ट सांगणारच होतो. पण पाच वयस्क बायका एकाच वेळी मान चोळत उभ्या असताना सत्याला वाट मिळत नाही. चार विकली. पाचवीने सुनेला विचारून येते म्हटलं. मी म्हटलं, सुनेला नका विचारू.

संध्याकाळी काचेवर पाटी लावली: ‘मानेचं लॉकेट. मान ताठ, मन शांत.’ स्वतःच सुचली. समोरच्या शोरूमचा मॅनेजर रस्ता ओलांडून वाचून गेला. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मला नाचावंसं वाटत होतं, पण दुकान अरुंद आहे.

१५ मार्च
बायको नाश्त्याला समोर बसली आणि म्हणाली, आज बरे दिसताय. बावीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे बघतच राहिली, काहीतरी विचारायचं असावं तशी. मी पेपर बाजूला करून विचारलं, काय? तर म्हणाली, काही नाही. आणि गळ्याशी ओढणी सारखी करत उठली.

आफ्टरशेव्हची दुसरी बाटली घेतली.

भेट द्यायची तालीम चालू आहे. ‘हे बघ’पर्यंत सफाई आली आहे.

१८ मार्च
आज शोकेसमध्ये तीन लॉकेटं चार्जिंगला लावली होती. काय झालं कोण जाणे, तिन्ही एकदम सुरू झाली. काच थरथरायला लागली, कानातल्यांच्या जोड्या काचेवर फेर धरून नाचायला लागल्या, एक नथ चक्क शेजारच्या ट्रेमध्ये गेली. दुकानात नवरा-नवरीकडची माणसं बसलेली. नवरीच्या काकांनी शोकेसला कान लावला आणि निदान केलं की आत भुंगा शिरलाय. मी म्हटलं, हो, दरवर्षी येतो.

काकांनी पेपरची गुंडाळी करून शोकेसच्या मागे बराच वेळ भुंगा शोधला. खरेदी झाली नाही, पण माणसं हसत गेली. असं दुकान लोकांच्या लक्षात राहतं.

२० मार्च
घात झाला.

आईच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्यांनी आज बागेतल्या बाकावर बसून लॉकेटबरोबरचं माहितीपत्रक भिंगातून वाचलं. मोठ्याने. सगळ्यांना. चित्रांसकट समजावून सांगितलं. हे मला आईने जेवताना सांगितलं, आणि वर विचारलं, आमटी वाढू का? मी ताटात बघत राहिलो. ताटात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी माफीचं भाषण तयार केलं. पैसे परत द्यायची तयारी ठेवली. दार वाजलं की भाषणाचा कागद हातात घेऊन उभा.

कोणी आलं नाही. पाचला एक बाई आल्या, तोंडाला पदर लावून. मी भाषण सुरू केलं, तर म्हणाल्या, ते राहू दे, यात गुलाबी सोन्याचं येतं का? बहिणीला हवंय.

घरी येऊन आईला विचारलं, ग्रुपमध्ये काय ठरलं. ती म्हणाली, “दुखणं कुठलंही असो, औषध चांगलं आहे. असं ठरलं.”

लॉकेट तिच्या गळ्यात अजून आहे. मी तिकडे बघत नाही.

जे झालं ते माझ्या योजनेतच होतं, असं आता मागे वळून पाहताना वाटतं. मी न बोलता सगळ्यांना सत्य कळलं. याहून सभ्य विक्री कुठली असेल?

२४ मार्च
आता एकच उरलं. बायकोचं. सगळ्यात सुबक ते पहिल्या दिवशीच बाजूला काढून तिजोरीत ठेवलं होतं. लाल मखमली डबीत घातलं.

एजंटला नव्या मालासाठी फोन केला. तो आधी घाबरला. मग म्हणाला की लॉकेट फोनवरूनही चालू-बंद करता येतं आणि हरवलेलं सापडतंसुद्धा, फक्त ॲप टाका. टाकलं. माणसाने काळाबरोबर राहावं.

तालीम: ‘हे बघ, मला तुला’. इथे गाडी अडते. पण प्रसंग आला की माझी जीभ सुटते, हा अनुभव आहे. नेमका कुठला प्रसंग ते आत्ता आठवत नाही.

२६ मार्च
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जेवायला आम्ही तिघं. बायकोने निळा कुर्ता घातला होता. छान दिसत होती. ती छान दिसते, हे मला बऱ्याच दिवसांनी दिसलं. डबी खिशात होती. आई हात धुवायला उठली की बोलायचं ठरवलं. तोवर चार्जिंग किती आहे बघावं म्हणून टेबलाखाली फोन उघडला. स्क्रीनवर दोन लॉकेटं दिसली. दोन्हीपुढे ‘जवळच’ असं लिहिलेलं. एक खिशातलं. दुसरं आईचं चुकून चालू राहिलं असणार म्हणून बंद करायला गेलो. बोट चुकलं.

घुर्रर्र असा आवाज आला.

मी आईकडे बघितलं. आईने स्वतःचा गळा चाचपला आणि म्हणाली, माझं नाही, माझं चार्जिंग संपून खोलीत पडलंय. मग आम्ही दोघांनी बायकोकडे बघितलं.

तिने शांतपणे कुर्त्याच्या गळ्यातून लॉकेट बाहेर काढलं, बटण दाबून बंद केलं आणि पोळीला तूप लावलं. आई उठली. हात न धुताच खोलीत गेली.

मी विचारलं, हे तुझ्याकडे कसं. एजंटला उगीच शिव्या दिल्या, हेच आधी डोक्यात आलं, माणूस किती मूर्ख असतो.

ती म्हणाली, “नवा माल घरच्या बाईने आधी घालून बघायचा. नियम तुमच्याच घरचा आहे. पाच तारखेला तुम्ही कडी काढून बाहेर आलात, तेव्हा ट्रेमधून घेतलं.”

“आणि तेव्हापासून गळ्यात?”

“रोज. कधी ओढणीवर, कधी आत. तुम्ही बघाल म्हणून.”

मग ती जेवली. मला आठवेना की गेले तीन आठवडे तिच्या गळ्यात काय होतं. प्राध्यापिकेच्या गळ्यातलं आठवलं. नर्सबाईंची साखळी कुठे झिजली आहे तेही आठवलं. गुणगुणणं, टवटवी, सगळ्याचा उलगडा झाला, आणि त्यात आफ्टरशेव्ह कुठेच नव्हतं. मीही नव्हतो.

डबी खिशातच राहिली. ‘हे बघ’सुद्धा म्हणता आलं नाही. बघायचं तर मला होतं.

२७ मार्च, सकाळ
आज उठल्या उठल्या तिच्या गळ्याकडे बघितलं. नुसतं मंगळसूत्र. विचारलं, लॉकेट कुठे आहे.

ती बूट घालत म्हणाली, “तुमच्या ट्रेमध्ये परत ठेवलंय. तपासून झालं. हूक पक्का आहे.”

मला खूप वाईट वाटलं. एवढं की मी खिशातली डबी काढून तिच्यासमोर धरली. तिने उघडून बघितली. मग दारात थांबून, किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाली, “हे अजून कुणी तपासलेलं नाही का?”

मी म्हटलं, नाही नाही, अगदी नवा पीस आहे. चार्जिंग फुल. कालच पॉलिश केलंय. मुलाम्याची गॅरंटी आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला गेला. डबी मिटून माझ्या हातात दिली आणि कामावर गेली.

दुकान उघडलं, ट्रे पुसले, तराजू लावला. पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला कुठली तरी अंगठी विकली. आणि मग लक्षात आलं की तिने तो प्रश्न मला गॅरंटीसाठी विचारला नव्हता.

ती सहाला येते. आज दुकान पाचला बंद. आरशासमोर उभा आहे. ‘अगं’पर्यंत पोचलो आहे.