गोफणगुंडा कुठं जातो

सोमवार, ७ जानेवारी १९७४

झालं! पुढच्या गुरुवारी तपासणी, आणि साहेब माझाच तास बघणार. नववी 'अ'. धडा — केंद्रोत्सारी बल : अर्थ व उपयोग. मोठ्या बाई म्हणाल्या, "सोपा दिलाय तुम्हाला." केवढे उपकार!

तीन वर्षं मी या शाळेत 'तात्पुरती'. दर एप्रिलला काढतात, दर जूनला घेतात. यंदा शेरा बरा पडला तर कायम. मग इथं सांगलीत दोन खोल्या घेईन आणि आईला साताऱ्याहून आणेन. दादाच्या घरात ती हल्ली चहासुद्धा मागून पिते.

बुधवार, ९

अर्थ — गोल फिरणाऱ्या वस्तूला केंद्रापासून बाहेर ढकलणारे बल. उपयोग — दुधातली साय काढणे, कारखान्यात साखरेपासून मळी वेगळी करणे, विहिरीवरचा पंप. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मुलींचंही पाठ झालंय. कुणाला काही कळलंय असं नाही, पण म्हणतात एका सुरात!

शनिवार, १२

काय करून बसले!

शाळेमागं शाळूचं रान आहे. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या बनुबाई सुट्टी झाली की तिथं पाखरं राखतात. मला वाटलं, साहेबांसमोर गोफणच फिरवून दाखवावी. बाकीच्या बाया फळाच खरडत बसतात, मी प्रयोग करणार! आज तालीम घेतली.

पुस्तकात आकृती आहे : दोर सुटला की दगड चाकाच्या आऱ्यासारखा केंद्रापासून थेट बाहेर. म्हणून मी म्हटलं, "बनुबाई, दगड रानाच्या अंगाला आला की सोडा."

"आवं बाई, आसं न्हाई सोडत."

"सोडा हो तुम्ही! पुस्तकात आहे." त्या बी.एस्सी. नाहीत, मी आहे.

सोडला. गोफणगुंडा रानाकडं गेलाच नाही. काटकोनात वळून व्हरांड्यात गेला आणि शाळेचा रांजण फुटला! बनुबाई हसून हसून मटकन खाली बसल्या. "आसं सोडलं तर पाखरं जेवून, हात धुऊन जातील की वो!"

मग समजावलं — मला! "त्याला भाईर कोण ढकलतंय? धोंड्याला सरळच जायचं आसतं. दोरी वळवती म्हणून फिरतोय. सोडला की त्या घडीला जिकडं चाललाय तिकडंच जाणार." आणि बुजगावण्याच्या मडक्यावर लागोपाठ तीन टाकले. एकही चुकला नाही.

रविवार, १३

दिवसभर कंपास घेऊन बसले. बनुबाई बरोबर आहेत. कॉलेजात स्पर्शरेषा मीच शिकले होते, पण पुस्तकातल्या बाणाकडं कधी डोळे उघडून बघितलं नाही. तीन वर्षं, तीन वर्ग, शंभरावर मुली. लाज वाटली. फार.

मंगळवार, १५

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरोबर काय ते नंतर बघू. साहेब पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसतात म्हणे. आणि ती गोफण-बिफण काही नको!"

तपासणी होऊ दे. शुक्रवारी मुलींना खरं सांगते. नक्की.

गुरुवार, १७

साहेब आले. कोट, टाय, मांडीवर पुस्तक. मुलींनी उपयोग घडाघडा म्हटले. मग त्यांनी प्रश्न विचारला — मुलींना नाही, मला!

"बाई, दोर सुटला तर दगड कुठं जाईल? फळ्यावर दाखवा."

बनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या. मी खडू उचलला. बाण काढला. केंद्रापासून थेट बाहेर, पुस्तकातल्यासारखा, पट्टी लावून.

"आवं बाई —" दारातून आवाज आला. मोठ्या बाईंनी डोळे वटारले. मी तिकडं बघितलंच नाही.

"नक्की?" साहेब म्हणाले.

"हो सर. पुस्तकात तसंच आहे."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

जमलं! संध्याकाळी आईला पत्र टाकलं, सामान बांधायला लाग म्हणून. बनुबाई मात्र जाताना 'येते बाई' म्हणाल्या नाहीत. मला एवढं लागावं? लागलं खरं.

शुक्रवार, १८

मुलींना सांगायचं राहिलं. धडा पुढं गेलाय.

मधल्या सुट्टीत बनुबाईच बोलायला आल्या. "काल जाताना सायबांनी गोफण मागितली माझ्याकडं. कोट काढला न् रानात तीन गुंडं टाकलं. एकबी चुकला न्हाई बगा! म्हनलं, सायेब, कुटं शिकला? तर सायेब म्हनलं, जतकडं आमचं रान हाय, बारीक हुतो तवा पाखरं राखायचो."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

शनिवार, १९

म्हणजे ते विचारत नव्हते. वाट बघत होते.

सोमवार, ११ फेब्रुवारी

शेरा आला. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. बायांनी टाळ्या वाजवल्या. एकच ओळ आहे —

'सदर शिक्षिका पुस्तकाबाहेरचे खरेही बोलत नाहीत. कायम करण्यास हरकत नाही.'