'नंतर' दाबत काढलेली सात वर्षं

बुवापाडा, अंबरनाथ
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. चंदूमामांना,

भाची संजीवनीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? साताऱ्याची हवा मानवली का? सात वर्षांत मी साधा फोनही केला नाही, तेव्हा राग असेलच. (असू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.)

मामा, तुम्ही सिस्टीम टाकून दिलेला तो कॉम्प्युटर अजून चालतोय! भरतकामाच्या मशीनला त्यातूनच डिझाइन जातं. तेव्हा तुम्ही म्हणालात, महिन्यातून एकदा बंद करून अपडेट करत जा. मी चारचौघांत म्हणाले, माझ्या धंद्यात नाक खुपसू नका. (जीभ माझी, काय करू!) तुम्ही चहा अर्धा टाकून, पासवर्ड न सांगताच निघून गेलात. विचारायला फोन करायचा तर नाक आडवं आलं. मग काय, बंदच केला नाही. लाईट गेली की इन्व्हर्टर. नातलगांकडे लग्न असलं की हे जाणार, मी पहाऱ्याला. 'रीस्टार्ट करा' आलं की 'नंतर' दाबायचं. शेवटी त्यानेच विचारणं सोडलं. या सिस्टीमला यापुढे सपोर्ट नाही, एवढं सांगून गप्प बसला. तेव्हापासून मला एकच कोडं पडलंय. कात्री बोथट होते, कापड विटतं, ते डोळ्यांना दिसतं. या सिस्टीमला ना लोखंड ना सूत, मग ती बसल्याजागी म्हातारी कशी होते? उल्हासनगरच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "भाभी, माल वही है, दुनिया आगे निकल गई." म्हणजे बिचारीचा दोष काहीच नाही. खरं का हो हे?

तर खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांना विश्रांती, हा आमच्या सासूबाईंचा कायदा. दरवर्षी मी नुसती स्क्रीन काळी करायचे आणि फूल वाहायचे. यंदा सासूबाईंनीच हळदकुंकू लावताना खोक्यावर हात ठेवला. "अगं, हा तर तापलाय! आजच्या दिवशीही राबवतेस?" म्हणत त्यांनी सरळ पिन उपटली. चालू केला तर पासवर्ड मागतोय. तुमचं नाव घातलं, मामींचं घातलं, कुलदैवत घातलं, ढिम्म. शुक्रवारी शेजारच्या शलाकाचा साखरपुडा, तिच्या ब्लाउजचं डिझाइन आत, सात वर्षांची सगळी मेहनत आत. चुकले मी, मामा. माफ करा, आणि पत्र मिळताच पासवर्ड तेवढा फोनवर कळवा.

तुमची,
संजीवनी

ता.क. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात सासूबाई धूळ पुसायला गेल्या आणि फडक्याखाली एंटर दाबलं गेलं. उघडला! पासवर्ड नव्हताच!

ता.ता.क. तरी पत्र टाकतेच आहे. दिवाळीला या. किती हसायचं ते हसा, पण इथे येऊन, माझ्या तोंडावर हसा.