पुढची खोली नर्सांसाठी

मी, सावळीराम काशिनाथ देवरे, वय ७२, मूळ राहणार तालुका देवळा, हल्ली राहणार सिडको, नाशिक, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. संपदा यांनी ती तपासताना आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली, तिथी सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच अडकले आहे, हेही दाखवले. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

१. मला प्रोस्टेटचा कॅन्सर असून तो हाडांत पोचला आहे. बरा होणार नाही. हे वाक्य मी सहज लिहितो, कारण ते मला चौदा जणांनी तोंडावर सांगितले आहे. खुलासा कलम ४ मध्ये.

२. माझी पत्नी सिंधुबाई सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात वारली. शेवटचे नऊ दिवस ती उशीचा कोपरा दातांत धरून होती. तिथले लोक वाईट नव्हते. "सहन करायचं आता, काका," असे तेही कळवळूनच सांगत. पुढे मला कळले की मॉर्फिन त्यांच्या कपाटातच होते. ते किती आणि कसे द्यायचे हे कोणी शिकलेले नव्हते, म्हणून सगळे त्याला भीत होते. मशीन असून ऑपरेटर नसला की मी कारखान्यात मॅनेजरला झापायचो. इथे कोणाला झापायचे ते कळले नाही. हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

३. माझ्या पाळीला डॉ. संपदांचा पॅलिएटिव्ह विभाग मिळाला. आजार हटत नसला तरी दुखणे हटवायचे, हे त्यांचे काम. चौथ्या दिवशी मला झोप लागली, आठव्या दिवशी मी मिसळ मागितली. माझा मुलगा हर्षल याला मात्र वाटले की बापाला मोडीत काढले. त्याने मुंबईच्या तीन डॉक्टरांच्या वेळा घेतल्या. मेहुणा मनोज काढे आणू लागला. सदर काढ्यांच्या सर्व बाटल्या, सील न तोडलेल्या, माझ्या पश्चात मनोजलाच मिळाव्यात. त्याची तब्येत चांगली आहे, त्याला सोसतील.

४. या विभागात तालुक्यांतून डॉक्टर आणि नर्स शिकायला येतात. वाईट बातमी कशी सांगावी याच्या सरावाला रुग्ण लागतो. सोंग घेणारा कशाला शोधता, अस्सल माल हजर आहे, असे मी म्हणालो. कारखान्यातले तीन शिक्के माझ्यापाशी होते: पास, दुरुस्ती, रद्द. एका डॉक्टरने मोबाइलकडे बघत मला मरणार म्हणून सांगितले. रद्द. दुसऱ्याने सगळे देवावर ढकलले. दुरुस्ती. एक नर्स स्वतःच रडू लागली. तिला मी पाणी दिले, पास केले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

चौदावी आली ती पूजा, देवळ्याकडच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. खुर्ची ओढून जवळ बसली. मग आमच्या अहिराणीत म्हणाली, "बाबा, तुमले कसानी भीती वाटस?"

माझे उत्तर पाठ होते. पण आई गेल्यापासून त्या भाषेत मला कोणी काही विचारले नव्हते. पाठ केलेले राहिले बाजूला. मरणाची नाही, पण आता पुरे झाले हे पोराला सांगता येत नाही त्याची वाटते, असे मी बोलून गेलो.

हर्षल दारात उभा होता, मुंबईची फाइल हातात. आत आला आणि माझ्या पायाशी बसला. पूजा निकालाची वाट बघत होती. मला शिक्काच सापडेना.

पुढच्या आठवड्यात सरावासाठी हट्टी नातेवाईक हवा होता. हर्षलने तो विनातालीम वठवला.

५. सिडकोतील माझा स्वकष्टार्जित फ्लॅट हर्षलला मिळावा. अट अशी, की पुढची खोली या शिक्षणाला येणाऱ्या नर्सांना पाच वर्षे फुकट राहायला द्यावी. राहायची सोय नाही म्हणून सुरगाण्याची एक मुलगी अर्ध्यावर परत गेलेली मी पाहिली आहे. सिंहस्थात नाशकात खोल्यांना सोन्याचा भाव येईल, तेव्हा हर्षलने मोह आवरावा. मुलींना चहा द्यावा, सल्ला देऊ नये.

६. माझ्या मुदत ठेवी विभागाच्या प्रशिक्षणाला द्याव्यात. त्यातून फीत, शाल, नारळ आणि माझ्या नावाची पाटी यांपैकी काहीही आणू नये.

७. स्कूटर पूजाला. ती गावोगाव रुग्णांच्या घरी जाते. पुढचा ब्रेक जरा उशिरा लागतो, हे तिने लक्षात ठेवावे.

८. दुखणे शून्य ते दहात किती, याची रोजची नोंद असलेल्या माझ्या वह्या विभागाच्या संशोधनासाठी द्याव्यात. डॉ. संपदा पूर्णांक मागतात. मी ३.७ लिहितो, कारण ते चार नसते. दशांश कोणी खोडू नयेत. संशोधनात रुग्णाचे नाव झाकतात म्हणे. माझे झाकू नये.

९. अंमलबजावणी हर्षलने करावी. साक्षीदार असा असावा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, असे वकील म्हणाले. अकरा वर्षे माझ्या जागेत गाडी लावणारे शेजारी शेखर पगार यांच्याइतका योग्य माणूस मला आठवला नाही. दुसरी सही डॉ. संपदांची; ठेवी आणि वह्या विभागाला आहेत, त्यांना स्वतःला काही नाही.

१०. हा मजकूर काल हर्षलला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "नाना, पाच वर्षं कमी आहेत. दहा करा."

मी कारण विचारले नाही. तरी कलम ५ मधील 'पाच' हा शब्द 'दहा' असा वाचावा. दुरुस्ती माझीच असून मला मान्य आहे.

सही: सावळीराम काशिनाथ देवरे

आम्हा दोघांसमोर त्यांनी वाचून सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१) डॉ. संपदा जोगळेकर
२) शेखर पगार

ठिकाण: नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५