प्लास्टरचं बारसं

५ डिसेंबर
आलो बाई जळगावला. मेहरूणच्या तळ्याजवळच पोरांच्या हाडांचा दवाखाना आहे. सोनगीरहून निघतानाच कामिनीला कबूल केलं होतं की तळ्यावरचे बगळे दाखवीन, ते आल्या आल्या दाखवले. नात माझी तीन वर्षांची होत आली, पण चालते बदकासारखी. आम्ही घरातले बठ्ठे कौतुकाने म्हणायचो, बघा कशी ठुमकते. डॉक्टरांनी हाडांचा फोटो दाखवून सांगितलं, हे ठुमकणं नाही, डावा खुबा जन्मापासून निखळलेला आहे. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर बसलाय, तो ऑपरेशन करून आत बसवायचा, मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, सून ओली बाळंतीण, मुलगा हेमराज शेतात, तेव्हा ह्या प्लास्टरची सासू मीच. डॉक्टर हसले. मेघा सिस्टर तेवढी कडक. तिला विचारलं, नवऱ्यालाही सुई टोचूनच झोपवतेस का गं? तोंड फिरवून हसली. जमेल माझं इथे.

८ डिसेंबर
ऑपरेशन चांगलं झालं. गोळा वाटीत बसला. पोर मात्र ओळखू येईना. दोन्ही पाय फाकवून प्लास्टरमध्ये घातलेत, मधे आडवी काठी, शी-शूला खाली जागा. वर एवढंसं डोकं नि दोन हात. गाडीत धक्के नकोत म्हणून प्लास्टर निघेपर्यंत इथेच राहायचं. सिस्टरने शिकवलं, काठीला धरून उचलायचं नाही, कुशीवर कसं वळवायचं, नि पायाचं बोट दाबून बघायचं. पांढरं पडून परत लाल झालं की रक्त चालू आहे.

१२ डिसेंबर
पोर रडरड रडली. ह्याला काढा, ह्याला काढा म्हणून प्लास्टरवर मुठी आपटायची. मग मला खोडी सुचली. म्हटलं, हे काही प्लास्टर नाही, ही तुझी जोडीदारीण, आज तिचं बारसं. शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आजीने, भिकुबाईने, पाळणा म्हटला, मी कुंकू लावलं. नाव ठेवलं उखर्डी. आमच्या ह्यांचं नाव उखर्डू होतं. आधीचे दोन भाऊ गेले म्हणून सासूने ह्यांना उकिरड्यावर लोळवून ते नाव दिलं होतं. छातीपाशी प्लास्टरच्या कडेला तोंड लावून मी कुर्र केलं नि नाव सांगितलं. कामिनी हसून हसून लाल. सिस्टर ओरडायला आली ती घुगऱ्या खाऊन गेली.

१७ डिसेंबर
आता रडणं नाही. दिवसभर पोटाकडे बघून कुजबुज चालते. उखर्डी माले गोष्टी सांगस, म्हणते. सिस्टर आज बोट हलव, कामिनी, बोट हलव करून थकली. मी मस्करीत म्हटलं, उखर्डी, तू हलव गं. लगेच हललं. बठ्ठा वॉर्ड हसला.
कामिनी नाही हसली. ती झोपलेली होती.

२२ डिसेंबर
पोर दोन वेळचं चाटूनपुसून खाते, तरी गाल आत गेले. हातातली बांगडी आपोआप गळून पडली. आणि प्लास्टर घट्ट होतंय. आधी पोटापाशी माझी बोटं आत जायची, आता नख जात नाही. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही लाडाने फार खाऊ घालता, पोटाने वजन धरलंय. मी मनगट दाखवलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात काही नाही निघालं.

२६ डिसेंबर
दुपारी तिला कुशीवर वळवताना माझा कान प्लास्टरला लागला. ठोके. म्हटलं, पोरीचेच असतील. मग गळ्यापाशी कान लावला. तिथे सावकाश, थकल्यासारखे. प्लास्टरमध्ये भरभर.
भिकुबाईला ऐक म्हटलं. तिने ऐकलं नि लगेच नातवाची खाट बदलून घेतली. 

३० डिसेंबर
नणंदेला, ताईबाईला, फोन केला. बारशाची गंमत म्हणून सांगायला लागले. ती हसेना. मग म्हणाली, वहिनी, ते नाव कोणी गंमत म्हणून ठेवतं का? घाणेरडं नाव असलं की मरण त्याला शिवत नाही, बाजूचं उचलतं. म्हणून तर आमचा दादा राहिला. तू ते नाव कोणाला दिलंस?
मी फोन ठेवला.
पोरीच्या अंगावर चढलेल्या चुन्याला दिलं. पोरीला नाही दिलं.

२ जानेवारी
नाव परत घ्यायला बसले. कुंकू पुसलं. कामिनीच्या कानात कुर्र केलं, म्हटलं, आजपासून उखर्डी तू, ते पांढरं कोणीच नाही. पोरीने डोळे नाही उघडले.
खालून, प्लास्टरमधून आवाज आला. आजी, मी आठे शे. इथे आहे म्हणाली.
कामिनीच्याच आवाजात. ओठ मिटलेले होते तिचे.

६ जानेवारी
सिस्टरला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. प्लास्टर आज काढा म्हणून पाय धरले. ते म्हणाले, आत्ता काढलं तर खुबा परत निसटेल, सगळी मेहनत वाया. हेमराजला बोलावून घेतलं, आईला थोडी विश्रांती द्या म्हणाले. हेमराज माझ्याकडे असा बघतो जसं मीच —
रात्रंदिवस ती प्लास्टरमधली मला हाका मारते. लाडाच्या. मी ओ देत नाही.

१३ जानेवारी
कामिनी बोलत नाही. पाजलेलं पाणी ओठांच्या कडेने ओघळतं, म्हणून सलाईन लावलंय. पायाची बोटं मात्र गुबगुबीत, लाल, सारखी हलतात.
फोटो काढला. डॉक्टर खूश. गोळा वाटीत पक्का, म्हणाले, असा निकाल क्वचित मिळतो.

२० जानेवारी
आज प्लास्टर कापताहेत. मला बाहेर बाकावर बसवलं. हेमराज दारात. यंत्राची घरघर.
रडणं ऐकू येतंय. डॉक्टर म्हणतात, यंत्राला घाबरली, कातडीला काही होत नाही. दाराच्या काचेतून तिचं तोंड दिसतंय. बंद आहे. बंदच —
थांबवा म्हणून ओरडले. कोणी वळलं नाही.
घरघर थांबली. टेबलावर पोर. पाय काडीसारखे, हात कडेला पडलेला. सिस्टर तिचं बोट दाबतेय. पांढरं पडलं. परत दाबलं. पांढरंच —
डॉक्टर तिच्या छातीवर वाकले. धावपळ —
प्लास्टरची दोन टरफलं खाली बादलीत टाकलीत. तिकडून हाक येतेय. बाबा, माले ले ना.
हेमराजने ऐकलं. हसला. माझा लेक हसला. टेबलाकडे बघतही नाही. हेमराज, तिकडे नको रे, ती नाही आपली, तिकडे नको — वाकला. बादलीत दोन्ही हात घालून त्याने तिला —