सुराच्या अलीकडे

३ जून
आज बँडच्या तालमीत ड्रमर म्हणाला, "बाई, तुझा सोलो म्हणजे टायपिंग. फास्ट, एक चूक नाही — आणि शेवटी हातात काय, तर सरकारी पत्र!" सगळे खो खो हसले. मीही हसले. काय करणार!

मग माझ्या दादाने त्याच्या गिटारवर तोच सोलो वाजवला. पूर्वी तोही माझ्यासारखा धावायचा, हल्ली मोजकेच सूर घेतो. "आता मुरलाय तो," म्हणतात सगळे. शेवटी तार बोटाने वर ढकलून सूर चढवायचा असतो. दादाचा कधीच पूर्ण चढत नाही. जरासा अलीकडे थांबतो, थरथरतो. गायिकेचे डोळे भरून आले. रेकॉर्डिंगला सोलो त्याचाच, हे न बोलताच ठरलं.

अरे, बेसूर आहे तो! आणि तरी घरी येईपर्यंत मी तोच गुणगुणत होते. नुसता जळफळाट होतो.

६ जून
सकाळपासून तो अर्धवट सूर घोटतेय. माझं बोट थेट जागेवर जाऊन बसतं. मुद्दाम अलीकडे थांबवलं की नुसती चूक वाटते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "गिटार बिघडलीये का गं?"

१० जून
दादाच्या हातून पुन्हा कप पडला. आई करवादली, "लक्ष कुठे असतं तुझं?" त्याने वाकून तुकडे गोळा केले. नंतर शर्टाची बटणं एकट्या उजव्या हाताने लावत होता. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यालाही कळलं. उद्या डॉक्टरांकडे नेतेय, ओढत न्यावं लागलं तरी.

११ जून
दादाच्या डाव्या हाताची नस कोपरापाशी दबलीये, फार दिवसांपासून. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही. "वाजवताना जाणवलं नाही?" दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "जाणवलं ना. तार चढेना."

मुरलाय म्हणे! जीव ओततो म्हणे! त्याचं बोट पोहोचत नव्हतं.

बसमध्ये म्हटलं, "दादा, लोक रडायचे रे त्या सुरावर."
"मीपण. घरी येऊन."

१२ जून
गिटारला हात लावला नाही.

१९ जून
रेकॉर्डिंग. सोलो हिला द्या, असं दादानेच सांगितलं. कारण काय, तर "हात दुखतोय जरा." मी तार पूर्ण चढवली. गायिका काचेपलीकडून म्हणाली, "अगं, त्याच्यासारखं अर्धवट ठेव ना! त्यात भावना आहे." दादा तिच्या शेजारीच बसला होता, डावा हात खिशात घालून. इतका संताप आला! पुन्हा वाजवलं, पुन्हा पूर्ण चढवली. शेवटी तेच ठेवलं.

२० जून
दादाने रेकॉर्डिंग ऐकलं. संपल्यावरही हेडफोन काढेना. मग म्हणाला, "वर्षभर मी त्या शेवटच्या सुराला तुझीच नक्कल करत होतो गं. जमली नाही."