पंख न खुडता

बेजिसारी, बाली
८ ऑक्टोबर १९९५

ॐ स्वस्त्यस्तु. चि. मुर्नीस रिंतीकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पोरगी जावाला किड्यांचा अभ्यास करायला गेली आणि मागतेय काय, तर आपल्या झऱ्यावरचे चतुर! जमतील तेवढे सगळे, नीट जपून बांधून. काकांनी विचारलं, बोगोरला चतुर उडत नाहीत का. मी त्यांना गप्प केलं. परमुलखात जिभेला घर आठवतं, पुरुषांना काय कळणार त्यातलं.

फणसाचा चीक माडाच्या हिराच्या टोकाला लावून सकाळभर झऱ्याच्या पाटाच्या कडेने फिरले. चिकटला की पंख खुडायचे, टोपलीत टाकायचा. मिरची-लसणावर खरपूस तळलेत, टिकतील. काळे, पिवळ्या पट्ट्याचे वेगळे बांधलेत, ते जास्त चवदार.

बाकी क्षेम. झऱ्याला सिमेंटचा हौद आणि फरशी होणार. पाहुणे आंघोळीला येतील असं आपल्या पाड्याचा मुखिया रेगेग म्हणतो. पाय घसरणार नाहीत, बरंच की. पोटभर खा. माया आहेच, डब्यातही घातली आहे.

तुझी रिंतीकाकू

बोगोर, जावा
१९ ऑक्टोबर १९९५

ॐ स्वस्त्यस्तु. ती. काकूस मुर्नीचा शि. सा. न. वि. वि.

डबा मिळाला. उघडला आणि कपाळावर हात मारला. सरांच्या टेबलावर डब्याआधी वासच पोचला. माझ्या खोलीत राहणाऱ्या तातीने भाताबरोबर अर्धे संपवले आणि वर आणखी मागितले.

काकू, मला खायला नको होते गं! कुठल्या पाण्यावर कुठले चतुर राहतात, याची आमचे सर पाक हार्सोनो नोंद करतात, म्हणजे ते पाणी राखता येतं. जात ओळखायची पंखांच्या शिरांवरून, आणि पंख तर तू खुडलेस. तरी तो पिवळ्या पट्ट्याचा सरांनी कितीतरी वेळ भिंगाखाली धरला. तसला त्यांना दुसऱ्या कुठल्याच झऱ्यावर मिळालेला नाही. पण पंखांशिवाय खात्री देत नाहीत.

आणि ती फरशी नको गं. सिमेंट पडलं की तो चतुर संपला. आई गेल्यावर तू मला रोज त्याच झऱ्यावर न्यायचीस. तो तसाच राहिला पाहिजे. सर जिल्ह्याला लिहायला तयार आहेत. तेव्हा पिवळ्या पट्ट्याचे सगळे पाठव, पंखांसकट, कागदाच्या घडीत. तळू नकोस, तुला माझी शपथ.

तुझ्या मायेची (आणि डब्याचीही) भुकेली,
मुर्नी

बेजिसारी
२ नोव्हेंबर १९९५

ॐ स्वस्त्यस्तु. चि. मुर्नीस आशीर्वाद.

डोकं चक्रावलं बाई. उभा जन्म चतुर खाल्ले, पंख फेकले, आणि आता कळतंय की खायचा भाग फुकट, फेकायचा मोलाचा! तुला झरा हवा, तर चतुर मारून का पाठवायचे, हेही नीटसं उमगलं नाही. पण शिकलेली तू, तुला ठाऊक.

देवळात नैवेद्याची पानं विणताना बायकांना सांगितलं. मुर्नीला हवेत म्हटल्यावर घरटी एक जण निघाली, आपल्याकडे कुणी मागे राहतं का? पिवळ्या पट्ट्याचा एकही सुटू दिला नाही. पाकीट कसलं, पेटीच भरली! पंख न खुडता हात नुसते शिवशिवत होते.

लोभ आहेच, शंका तेवढ्या वाढल्यात.
रिंतीकाकू

बोगोर
१४ नोव्हेंबर १९९५

ती. काकूस शि. सा. न.

तोच आहे, काकू, तोच! सरांनी पत्र धाडलं. जिल्ह्याचे साहेब महिनाअखेरीस झरा बघायला येतील. डोळ्यांनी चतुर दिसला की सिमेंट थांबलं. साहेबांचं नीट स्वागत करा.

पेटी बघून मात्र जरा चरकले. इतके कशाला गं पाठवलेस?

आनंदात असलेली,
मुर्नी

बेजिसारी
३ डिसेंबर १९९५

ॐ स्वस्त्यस्तु. चि. मुर्नीस आशीर्वाद.

काय चाललंय, सगळं डोक्यावरून गेलं. नीट स्वागत करा म्हणालीस, म्हणून अख्ख्या पाड्याने झरा घासून लख्ख केला. शेवाळ काढलं, गाळ उपसला, काठचं गवत उपटलं. साहेब छत्रीखाली बसून राहिले. कॉफी प्याले, तळलेली केळी खाल्ली. एक चतुर फिरकेल तर शपथ! चतुर कुठे म्हणून विचारलं, तर रेगेगने छाती फुगवून सांगितलं, सगळे बोगोरला पाठवले. साहेब हसले की चिडले, कळेना. काही आढळलं नाही असं लिहून गेले.

आता गालुंगानच्या सणाआधी फरशी पडलीच पाहिजे, असं रेगेगचं ठरलंय. सिमेंटच्या गोण्या देवळाच्या ओट्यावर येऊन पडल्यात. पोरी, तू म्हणालीस ते सगळं केलं. मग चुकलं कुठे? रागावलीस का?

दोन ओळी तरी लिही.
काकू

बोगोर
११ डिसेंबर १९९५

ती. काकूस शि. सा. न.

रागावले ती माझ्यावरच. सगळे पाठव असं मीच लिहून बसले. आणि चतुराचं बाळपण पाण्यात जातं, हे सांगायचं राहिलं. गाळातला तो तपकिरी, सहापायी किडा आहे ना, तोच वर चढतो, कात टाकतो आणि चतुर होतो. गाळाबरोबर ती पिल्लंही गेली गं. तरी शोध. एखादा कुठे राहिला असेल. रेगेगमामांच्या पाया पड, पण गोण्या फोडू देऊ नकोस.

मुर्नी

बेजिसारी
२० डिसेंबर १९९५

ॐ स्वस्त्यस्तु. चि. मुर्नीस आशीर्वाद.

आधी वाटलं थट्टा करतेस. तो ओंगळ किडा आणि चतुर? तुला जावाचं पाणी बाधलं असं काकांनी ठरवूनच टाकलं. झरा चाचपला. दगडाखाली दगडच.

पण देव्हाऱ्यापुढची तीर्थाची घागर झरा घासायच्या आधी तिथूनच भरलेली. तिच्यात एक किडा होता. तीर्थ का कुणी ओतून देतं? राहू दिला होता. काल सकाळी फुलं बदलायला गेले, तर तो तीर्थ शिंपडायच्या गवतकाडीवर चढलेला, पाठ उकललेली, आणि आतून ओले, चुरगळलेले पंख बाहेर येतायत! मी किंचाळलेच. शेजारून रेगेग धावत आला.

आम्ही दोघं तोंडाचा आ करून उभे. पंख सुकले, पट्टा पिवळा झाला. रेगेगने पळत जाऊन हिराला चीक लावून आणला, साहेबांना पुरावा नको का म्हणून. त्याने हीर पुढे केला आणि मी त्याचा हात धरला. का, ते मलाही ठाऊक नाही. पुरावा तर तुलाच हवा होता. एवढ्यात तो उडाला, झऱ्याच्या दिशेने गेला.

संध्याकाळी रेगेगने गोण्या ओट्यावरून भाताच्या कोठारात हलवल्या, तुझं उत्तर येईपर्यंत.

चतुराने टाकलेलं सालपट काडीसकट पाठवतेय. तळलेलं नाही. यावरून तुझ्या सरांना काही कळेल का? आज झऱ्यावर गेले होते. तो दगडावर बसला होता, अगदी एकटा. हात पाठीमागे बांधून मी बराच वेळ उभी राहिले, दुसरा कुठून येतो का बघत.

जाऊ दिला ते बरोबर केलं, की पुन्हा चुकले? तेवढं कळव.

तुझी रिंतीकाकू