तुम्ही मारायचात ती हाक

अण्णा, तुमचा टेपरेकॉर्डर आज भंगारात दिला. कितीतरी वर्षं बंदच होता आणि त्याच्यावरची धूळ पुसायचाही आता कंटाळा येतो. परतूरच्या स्वयंपाकघरात दर रविवारी तो फडताळात वाजायचा. शाळेत इंग्रजी शिकवून तुमचं मन भरायचं नाही. कॅसेटमधला गोरा गायक प्रेमभंगाने व्याकूळ व्हायचा आणि तुम्ही मला त्याच्या शब्दांची शेपटं, म्हणजे शेवटचे इंग, एड, अर, पकडायला लावायचात. शेपूट पकडलं की एक शेंगदाणा. आई भाकरी उलटत म्हणते, "चटणीचे दाणे संपून राह्यले, अन् ह्याचं रडणं काई संपंना." तुम्ही हसता. "आइक पोरी. लव्हिंग, लव्ह्ड, हे दमलं-भागलं तरी घरातलंच माणूस. पण लव्हर म्हन्लं की मंग शब्द दुसऱ्या घरी गेला. त्याचं कामच बदललं." मला दोन्हीकडचे शेंगदाणे सारखेच गोड लागायचे.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. त्याआधी तुम्ही सासऱ्यांना हात जोडून म्हणाला होतात, "पोरीचं नाव राहू द्या. बराबर चाललंय तिचं त्या नावावर." "आमच्यात बदलतेत, गुरुजी," एवढंच ते म्हणाले, आणि तुम्ही जोडलेले हात खाली घेतलेत. फार राग आला होता मला तुमचा. पुढे जुन्या जालन्यातल्या आमच्या दाराशी आलात की सायकल टेकवायच्या आधीच जुन्या नावाने हाक मारायचात, गल्लीभर ऐकू जाईल अशी. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. आईसुद्धा हळूहळू नवं नाव घेऊ लागली. तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत.

तुम्ही गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलेलं नाही. मी दमलेय, अण्णा. डबे, शिकवण्या, सासूबाईंची औषधं. गाणं लागलं तर नुसतं ऐकते, शेपटं पकडत नाही. परवा बाजारात मागून कुणीतरी तेच नाव घेऊन हाक मारली. एक बाई आपल्या लेकीला बोलवत होती. मी वळलेच नाही. भाजीची पिशवी घेऊन बरीच पुढे आले, तेव्हा लक्षात आलं की ते नाव माझंही होतं. रस्त्यातच रडू आलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तरी खाली सही करायला गेले, तर हात आपोआप नव्या नावाकडे वळला. ते तुम्ही वाचणार नाही आणि जुनं आता हाताला येत नाही, म्हणून जागा कोरीच ठेवलीय.